इंजिनावरचं फूल

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला माझी झोपेतली बडबडसुद्धा पाठ आहे, तरी ठाऊक नाही — म्हणजे बघा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मंगरूळपीरचे नसाल असं धरून चाललोय. असलात, तर वाचून झाल्यावर माझ्या दुकानासमोरून जरा दुसरीकडे बघत जा.

दुकान म्हणजे एक ओटा आणि त्यामागे खोली. मी भांड्यांवर नावं घालतो. लग्नातली, बारशातली, वास्तूची — गावातल्या कुणाच्याही घरी पाणी मागा, पेला माझ्या हाताखालून गेलेला असणार. आता सगळे विजेच्या पेननं नाव घालतात. मी अजून हातोडी आणि छिन्नीनंच घालतो, ठिपका ठिपका जोडून. आणि नाव संपलं की पुढे एक पाच पाकळ्यांचं फूल काढतो. वडील काढायचे, म्हणून मीही. खरं तर मी काढत नाही, हातच काढतो. हे फूल तेवढं लक्षात ठेवा.

आता गाडी. शेजारी हाजीचाचांचं धान्याचं दुकान होतं, आणि मागच्या शेडमध्ये त्यांची लाल गाडी. विलायती, दोन माणसांची, वरून उघडी, शर्यतीच्या घोड्यासारखी लांब नाकाची. कुठल्याशा संस्थानिकाच्या माणसाकडून चाचांच्या वडिलांनी घेतलेली. पण चाचांनी ती कधी शौकासाठी पळवली नाही. ती गाडी होती नवरदेवांची. मुसलमानाचा असो, आमच्या बौद्धवाड्यातला असो, मारवाड्याचा असो — गावातला नवरदेव वरातीला त्याच गाडीत बसायचा. चाचा स्वतः चालवायचे. आणि निघण्याआधी बॉनेट उघडून दाखवायचे. हा रिवाजच होता. नवरदेव मुंडावळ्या सावरत वाकायचा, मागे सगळी वरात वाकायची, बँडवालेसुद्धा.

काय बघायचे? आत एक पितळी पट्टी असते. तिच्यावर कारखान्यानं त्या गाडीच्या इंजिनाचा नंबर दिलेला असतो. तोच नंबर इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकवरही ठोकलेला असतो. दोन्ही जुळले की इंजिन मूळचं, नाहीतर बदललेलं. चाचा आधी पट्टीवर बोट ठेवायचे, मग ब्लॉकवर, आणि म्हणायचे, "असल हाय, बेटा. तू बी असाच असल राह्यजो." मग वरात निघायची.

इथपर्यंत सगळं छान आहे ना? मलाही इथेच थांबावंसं वाटतं.

पण चाचा आणि चाची हजला गेले. तेव्हा बोटीनं जायचे, दोन-अडीच महिने सहज लागायचे. त्यांचा मुलगा रशीद लहान होता, त्याला मामाकडे ठेवलं. आणि गाडीची किल्ली मला दिली. मी तेव्हा बिनलग्नाचा. काम एवढंच — आठवड्यातून एकदा शेडमध्येच इंजिन चालू करायचं, थोडा वेळ घरघरू द्यायचं, बंद करायचं. गाडी बाहेर काढायची नाही.

तुम्ही ओळखलंतच. माझं मुलगी बघणं ठरलं होतं, आमच्या जवळच्याच शिरपूरला. एसटीनं जाऊन धुळीत उतरणारा नवरामुलगा, आणि लाल उघड्या गाडीतून उतरणारा नवरामुलगा — यात तुम्ही काय निवडलं असतं? मी गाडी निवडली. शोभानं मला निवडलं. अख्खं शिरपूर दारात आलं होतं, आत पोह्यांच्या बशा भरायला कुणी उरलं नाही. ती आजही म्हणते, तुमच्यापेक्षा ती गाडीच देखणी होती. बरोबरच म्हणते.

परत येताना मी गाणं म्हणत होतो. वैशाखाचं ऊन. पुढ्यातला तापमानाचा काटा कुठे गेला होता हे मी पाहिलं — पाहिलं, आणि दुर्लक्ष केलं. किन्हीराजा गावाच्या अलीकडे नाकातून वाफ निघाली. रेडिएटर कोरडा. बाजूलाच शेत, शेतात विहीर. आता मी कोण? छिन्नीवर जन्म काढलेला माणूस. आमच्यात तापलेल्या छिन्नीला गार पाणी देतात, ती कडक होते. मी विहिरीचं थंडगार पाणी बादलीभर आणलं आणि इंजिनात ओतलं.

आवाज फार मोठा नव्हता. सुपारी फुटते तेवढाच. ब्लॉकला तडा गेला होता, वरपासून खालपर्यंत.

बैलजोडी जुंपून रात्रीच्या अंधारात गाडी शेडपर्यंत ओढत आणली — शिरपूरकरांनी ते पाहिलं नाही, एवढीच देवाची कृपा. पुढे अकोल्याच्या एका मिस्त्रीनं भंगारातून त्याच कंपनीच्या घरगुती गाडीचं इंजिन शोधलं. दिसायला जुळं भावंड. त्याच्या लेकीच्या लग्नाची सगळी भांडी मी नावं घालून दिली, त्यानं इंजिन बसवून दिलं. राहिला फक्त नंबर. मी कानशीनं जुना नंबर घासून काढला आणि पितळी पट्टी समोर ठेवून नवा घातला. ठिपक्यांनी. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत सुबक काम असेल. मागे सरकून पाहिलं —

शेवटच्या आकड्यापुढे पाच पाकळ्यांचं फूल.

हातानंच काढलं होतं. घासायला जावं तर आकडा जाणार. वरून काळं तेल फासलं आणि बॉनेट लावलं.

चाचा आले. खजूर दिले, मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी दिलं, मग शेडमध्ये गेले. बॉनेट उघडलं. मी दारात उभा. त्यांनी अंगठ्यानं तेल पुसलं आणि बराच वेळ वाकून राहिले. मग बॉनेट लावलं आणि म्हणाले, "गाडी चांगली ठेवली तुनं."

आठ-दहा दिवसांनी घरातली सगळी भांडी हातगाडीवर घालून माझ्याकडे आली. पातेली, पेले, परात, सगळं. मागून चाचा. म्हणाले, "नाव घालून दे. आन् फूल काढजो बरं. तुह्या फुलाशिवाय काम कोनाच्या हातचं हाय ते समजत नाही."

मला तेव्हाच कळलं. मी खाली मान घालून परात पुढे ओढली. त्यांना कळलं होतं, हे मला कळलं होतं, आणि हेही त्यांना कळलं होतं. पुढच्या लग्नसराईत चाचांनी पुन्हा बॉनेट उघडलं, माझ्या फुलाशेजारी बोट ठेवलं आणि म्हणाले, "असल हाय, बेटा." माझ्या स्वतःच्या वरातीतही म्हणाले. कधी खोटं न बोललेला माणूस — मरेपर्यंत दर वरातीत एकदा खोटं बोलत राहिला. माझ्यासाठी. गावात माझं नाव खराब होऊ नये म्हणून.

हाही माझा कबुलीजबाब नव्हे. इंजिन फुटलं ते फुटलं, तरुणपणी गाढवपणा कोण करत नाही? खरं पुढे आहे.

चाचा गेले. गाडी रशीदकडे आली, रिवाजही आला. बापासारखंच बोट ठेवून तो तेच वाक्य बोलायचा, शब्दही तेच. त्याला वाटलं, ही गाडी नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात न्यावी. तिथून तपासायला एक बाई आल्या. हसऱ्या, हातात बॅटरी आणि छोटा आरसा. रशीदनं त्यांना चहा दिला, मलाही बोलावलं. बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं — ब्लॉक दुसऱ्या गाडीचा आहे, कारखान्यात आकडे ठशानं ठोकतात आणि हे हातानं कोरलेत. मग आरसा धरून म्हणाल्या, "आणि हे फूल कसलं?"

"कंपनीचं असंन," रशीद म्हणाला.

बाई खळखळून हसल्या. त्यांच्या हातातल्या चहाच्या पेल्यावर तेच फूल होतं. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं. तिथे एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. जीभ टाळूला चिकटली म्हणावं, तर तसंही नव्हतं — मी मजेत चहा प्यायलो.

रशीद बाईंसमोर हसला. त्या गेल्यावर मात्र बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "म्हंजे अब्बा मले लहानपनापासून खोटंच सांगून राह्यले होते." तेव्हापासून वरातीत बॉनेट उघडत नाही. कुणी आग्रह केलाच तर सांगतो, अब्बाची थाप होती ती. लोक हसतात. मीही हसतो, जरा मोठ्यानंच.

एक राहिलं. तो तडकलेला ब्लॉक मिस्त्रीनं परत दिला होता. भंगारात घालायचा धीर झाला नाही, कुणी नंबर ओळखला तर? म्हणून दुकानात आणला, नंबराची बाजू भिंतीकडे केली, वर फळी आणि गादी टाकली. गिऱ्हाईक बसतं त्यावर. असल इंजिन तिथे आहे.

रशीदची ती आवडती जागा. काल दुपारी दुकान बंद करून आला, गादीवर मांडी घालून बसला. बाहेरून कुणाची तरी वरात चालली होती. ती जाईपर्यंत तो बघत राहिला, मग म्हणाला, "अब्बा बी लय थापाडे होते, नाही का काका?"

मी त्याच्या हातात चहा दिला आणि म्हणालो, "होते खरे."