चंद्रकांताचं ‘बघते’

आमच्या पॅकिंग खात्यात चंद्रकांता कुणाला ‘नाही’ म्हणाली, असं कुणी कधी ऐकलं असेल तर त्याला मी माझ्या पदरचा वडापाव खाऊ घालीन. बाईच्या तोंडी एकच शब्द, ‘बघते’. आणि बघते म्हणजे करते, हे बोईसरच्या आमच्या आख्ख्या कंपनीला पाठ.

ती बोईसरजवळच्या दांडी गावची. आम्ही दोघी एकाच रिक्षानं कामावर जातो. तिच्या मांडीवर दोन पिशव्या. एकीत तिचा डबा, दुसरीत कंपनीभरची मासळी. अकाउंटवाल्याचे सुके बोंबील, वॉचमनची सुकट, आणि माझा जवळाही, उगाच खोटं कशाला बोलू? रिक्षावाला म्हणतो, “मौसी, पूरा बाजार गोद में लेके बैठती हो.” ही हसते. कामावर पोचली की लेबलच्या मशीनवरची पोरं हाका मारतात, स्टोअरवाला मोजणीला बोलावतो, आणि आमचे मॅनेजर ललित साहेब म्हणतात, “चंद्रकांताबाई, आज जरा थांबाल का?” साहेबांचं ‘जरा’ दिवे लागेपर्यंत चालतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण तिच्या भावानं, सुजीतनं, नवी बोट बांधायला घेतली आणि पंचाईत झाली. त्यांच्या घरची रीत अशी की, नवी बोट पाण्यात जाताना बहिणीनं नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, कुंकू लावायचं आणि नारळ फोडायचा. मागची बोट उतरली तेव्हा कंपनीत ऑडिट होतं. ही ‘बघते’ म्हणून थांबली, तिकडे भरती आली नि गेली, आणि नारळ फोडला चुलतबहिणीनं, बायडीनं. या खेपेला सुजीतनं स्पष्टच सांगितलं, “नाय आलीस तर नारळ बायडी फोडेल. आन् मग दर बोटीला तीच फोडेल.”

त्या रात्री ही जेवली नाही म्हणे. तिचा मान जायचा होता, आणि तोही बायडीकडे, जी गावभर सांगत सुटली असती!

मग मी तिला रिक्षात ‘नाही’ म्हणायला शिकवायला घेतलं. माणसाला हे शिकवावं लागतं, बघा.

“म्हण, नाही जमणार.”

“नाय जमनार.”

“शाब्बास. आता मी ललित साहेब. चंद्रकांताबाई, पौर्णिमेला जरा थांबाल का?”

“बघते.”

रिक्षावाला इतका हसला की रिक्षा खड्ड्यात गेली.

आणि व्हायचं तेच झालं. बोट पौर्णिमेच्या दुपारच्या उधाणाला उतरायची ठरली होती, आणि आदल्या दिवशी साहेब आले. “उद्या दुपारी कंटेनर लागतोय. माल तुम्हीच मोजून द्यायचा.”

मी मागून खोकले. चंद्रकांतानं पदर घट्ट धरला. “साहेब, उद्या दुपारी भावाची बोट पान्यात जायची हाय. भरतीची वेळ हाय ती.”

साहेब माणूस वाईट नाही हो. पण जन्म गेला कारखान्यात. त्यांनी घड्याळ बघितलं नि म्हणाले, “मग ती भरती संध्याकाळच्या शिफ्टला नाही का घेता येणार?”

आणि ही दांडीची पोर, समुद्राच्या काठावर वाढलेली, काय म्हणाली असेल? “विचारून बघते, साहेब.”

मी कपाळावर हात मारला. संध्याकाळी रिक्षात बसल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. आधी खो खो हसली. मग एकदम रडायलाच लागली. “मंदाताय, मी भरतीला इचारनार होते गं! येडी झाले मी या कंपनीपायी.” मी म्हटलं, उद्या मी तुझ्यासोबत येते, बघू कोण अडवतं ते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोरपंखी रंगाची ठेवणीतली साडी नेसून गेले. अर्धा दिवस भरायचा आणि दोघींनी दांडीला पळायचं, असा बेत. दुपार जवळ आली तशी चंद्रकांता उठली नि सरळ साहेबांच्या केबिनीत गेली. मी दाराशी कान लावून.

“साहेब, नाय जमनार. भरती कुनाचं ऐकत नाय, आन् आज मी पन नाय.”

अग्गो बाई! शिकवल्याचं चीज झालं म्हणून मी टाळी वाजवणार, तोच साहेब म्हणाले, “मग माल कोण मोजणार?”

“मंदाताय हाय ना. तिला समदं येतं.”

आणि ती पिशवी उचलून माझ्यासमोरून गेली. वर माझ्या गालाला हात लावून गेली, लबाड कुठली!

मी त्या साडीत कंटेनरपाशी उभी. खोके मोजतेय, घाम गळतोय, तोंडानं तिला शिव्या देतेय. तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी नुसती वाळू, मग पाय, मग नाळेपाशी उभी चंद्रकांता, हात कुंकवानं लाल. शेजारी सुजीत, आणि मागे तोंड पाडून उभी बायडी. नारळ फुटला. पोरांनी दोर ओढला, दोन्ही कडांनी वाकून बोट ढकलणारी माणसं ओरडली, आणि ती निळी बोट घसरत घसरत पाण्यात जाऊन तरंगायला लागली. सुजीतनं बहिणीला सगळ्यांदेखत मिठी मारली. “मंदाताय, दिसली काय गं बोट?” ती ओरडली.

दिसली. पण नीट नाही दिसली, कारण माझेच डोळे भरून आलेले. खोक्यांचा आकडाही चुकला. परत पहिल्यापासून मोजले.

शेवटचा खोका चढला तेव्हा साहेब आले. माल बघितला, खूश झाले. “मंदाबाई, छान झालं काम. उद्याही जरा थांबाल का?”

मी ताठ उभी राहिले. रिक्षात रोज म्हणवून घेतलेलं ते वाक्य आठवलं. तोंड उघडलं.

“बघते, साहेब,” मी म्हणाले.