अडकित्त्यानं कापलेलं कडं

अडकित्त्याचा कटकन आवाज आला की मला सांगोल्याची काकू आठवते. बहात्तरच्या दुष्काळातला चैत्र होता. हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येणारा एक धोबी पक्षी उन्हानं ग्लानी येऊन अंगणात पडला होता. त्याच्या पायात ॲल्युमिनियमचं बारीक कडं होतं, त्यावर आकडे. "कुणी बेडी घातली गं लेकराला?" म्हणत काकूनं ते अडकित्त्यानं अलगद कापलं, पाणी पाजलं. पाखरू उडालं.

मी तेव्हा सोलापूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते, सुट्टीला काकूकडं आले होते. तोऱ्यात म्हणाले, "काकू, पाखरं कुठनं कुठं जातात ते कळावं म्हणून शास्त्रज्ञ घालतात ते कडं. तो त्याचा पत्ता होता!"

तिचा चेहरा पडला. पुढं दर उन्हाळ्यात आभाळाकडं बघत ती विचारायची, "पोचलं असंल का गं त्ये घरला, पत्त्याबिगर?"

मी हसायचे. घरी जायला पाखराला कडं लागत नाही, एवढं साधं उत्तर ती असेपर्यंत मी दिलं नाही.