रेषेबाहेरचं बाकडं

निजामाच्या राज्यात बीदरच्या बाजारात बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, एक शिपाई यायचा, अन् काय तमाशा उडायचा! त्याची काठी वाजली की रस्त्यावर पसरलेली पोती, टोपल्या अन् पोट सावरणारे शेटजी, सगळे धडपडत दुकानांपुढं आखलेल्या चुन्याच्या रेषेआत! मोकळ्या वाटेवर उरायचा तो एकटा.

एकदा मी मुद्दाम माझ्या दुकानातलं बाकडं रेषेबाहेर मांडलं.

"हे कामून ठेवलंस?"

"तुमच्यासाठी, अप्पा. बसा, चहा घ्या."

तो बाकड्याकडं बघत राहिला. "मला बघून समदे पळतात. बस म्हणणारा तूच पहिला. पण हितं मी बसलो, तर दुसऱ्याला उठवू कसा?"

त्यानंच बाकडं उचलून आत ठेवलं.

"मग आत तरी बसा की!"

त्यानं मागं पाहिलं. पोती पुन्हा बाहेर आली होती. काठी आपटत तो माघारी वळला.