खंडेनवमीचा फोटो

चैत्रात एका मंगळवारी दादा गेला. आठवड्यापूर्वी लेथवर काम करताना त्याच्या अंगठ्यात पितळेचा कीस शिरला होता. डॉक्टरांनी धनुर्वात सांगितला. दुपारी माणसे त्याला घेऊन गेली. त्यानंतर टपालवाला आला आणि त्याने माझ्या हातात कलकत्त्याच्या पेटंट कचेरीचे पाकीट दिले. पाकिटावर दादाचे नाव होते.

पाकीट मी कोनाड्यात ठेवले. पुढे कितीतरी दिवस मी ते पाहत होते, पण ते काय आहे हे माझ्या ध्यानात येत नव्हते. कुणी बोलले की शब्द ऐकू येत, त्यांचा अर्थ मागाहून येई. पाणी प्यायला उचललेला तांब्या हातातच राही. वहिनी समोर बसलेली असे, तिच्या कपाळावर कुंकू नसे, आणि मला वाटे की ही आज लावायला विसरली.

दादा माझा थोरला भाऊ. मी लहानपणीच विधवा होऊन माहेरी आले. मला शाळेत घातले ते त्याने, आणि मी मुलींच्या शाळेत शिकवू लागले तेव्हापासून तो मला मास्तरीणबाई म्हणे. गिरण्यांच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या छपराखाली त्याचा लहानसा कारखाना होता. एक लेथ, ते चालवणारे ऑइल इंजिन आणि हाताखाली दोन कामगार. आसपासच्या रंगखान्यांची दुरुस्तीची कामे त्याच्याकडे येत.

सोलापूरच्या पाण्यात क्षार फार. रंगखान्यातल्या तोट्या काही महिन्यांतच चिकटून बसत, मग त्यांवर हातोडी चालवावी लागे. दादाने एक फिरता कॉक केला. एकाच टाकीचे पाणी किंवा रंग त्याची मूठ फिरवून हवे त्या हौदात सोडता येई. असे कॉक पूर्वीही होते. याच्यातली गोम आत होती. मूठ फिरवायला लागले की आतला पितळी दट्ट्या आधी केसभर वर उचलला जाई, मग फिरे, आणि जागेवर आला की पुन्हा खाली बसे. घासतच नसल्यामुळे तो चिकटत नसे.

ही युक्ती त्याला वहिनीच्या जात्यावरून सुचली होती. डाळ भरडायची असली की वहिनी जात्याच्या मधल्या खिळ्याला चिंधी गुंडाळून वरची तळी जराशी उचलून घेई. दादा ते पाहत जेवायचा थांबला होता.

"तुझं जातं कलकत्त्याला पाठवावं म्हणतो," तो नंतर म्हणे. "पुरावा म्हणून."

"पाठवा की," वहिनी म्हणे. ती मोहोळकडची. "मग दळाय तुमीच बसा."

पेटंटच्या अर्जाचे इंग्रजी मी लिहिले. नकाशे दादाने काढले, त्यांवरची अक्षरे मी शाईने घातली. दिवाळीनंतर कागद कलकत्त्याला गेले. नंबर येण्याची वाट न पाहता दादाने ओतकामासाठी कॉकचा लाकडी साचाही करून ठेवला. त्यावर स्वतःचे आडनाव उठावदार कोरले, त्याखाली पेटंट नंबर असे शब्द कोरले आणि पुढे आकड्यांपुरती जागा मोकळी ठेवली. त्या दोघांना मूल नव्हते. साचा पाहून वहिनी म्हणाली होती, "चला, नाव तरी ऱ्हाईल."

तेराव्यानंतर मी पाकीट उघडले. परीक्षकाने लिहिले होते की फिरते कॉक आधीपासून माहीत आहेत. तुमच्या कॉकमध्ये नवे काय ते नेमक्या शब्दांत सांगा आणि जे नवे नाही त्यावरचा हक्क सोडा. पत्राची भाषा सभ्य होती. दादाला ते आवडले असते. मी कारखान्याचे कुलूप काढले, कॉकसमोर उभी राहिले आणि मूठ पुन्हा पुन्हा फिरवली. हाताला आधी उचलणे कळे, मग फिरणे. एवढेच एका वाक्यात लिहायला मला अनेक संध्याकाळी लागल्या. वारस म्हणून वहिनीच्या नावाचे कागद आमच्या ओळखीच्या वकिलांनी करून दिले. पावसाळ्यात कळले की अर्ज मान्य झाला. आता तो गॅझेटात छापून येईल, आणि ठरलेल्या मुदतीत कुणी हरकत घेतली नाही तर नंबर मिळेल. वहिनीने साच्यापुढे साखर ठेवली.

त्या दिवसांत आम्ही दादाचा फोटो शोधत होतो. भिंतीला लावायला एकही नव्हता. लग्नात काढला नव्हता, पुढे कधी गरज पडली नाही. गिरण्यांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर ओळखीचा होता, तो म्हणाला, तुम्ही सांगा, मी काढतो. वहिनीने कपाळ, कान, मिशा सगळे सांगितले. चित्र आले तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये कोनतरी मामलेदार बसलेत." मग ते चित्र कपाटामागे गेले. वहिनी मला एकदा म्हणाली की डोळे मिटले तर चेहरा दिसतो, पण आता कडेकडेने पुसट व्हायला लागलाय.

हरकत आली ती मुदत संपता संपता. गिरणीसामान विकणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीने ती घेतली होती. म्हणणे असे, की हा कॉक अर्ज करण्यापूर्वीच सोलापुरात उघड वापरला आणि लोकांना दाखवला गेला होता, म्हणून त्यावर पेटंट मिळू शकत नाही. कचेरीने त्यांच्या कागदांच्या प्रती आम्हाला पाठवल्या होत्या. मी उभ्यानेच वाचत होते. शेवटचे पान उलटले तर त्याला एक फोटो जोडलेला होता.

फोटोत दादा होता.

मी खाली बसले. किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. वहिनी परसातून आली, तिने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मांडीवर पाहिले, आणि ओल्या हातांनी तिने तो कागद उचलला. हात पुसायचे तिला सुचले नाही.

खंडेनवमीचा फोटो होता. त्या दिवशी सगळ्या कारागिरांकडे हत्यारांची पूजा होते. दादाने लेथपुढे पकडी, कानशी मांडल्या होत्या आणि मध्यभागी नवा कॉक, झेंडूची माळ घालून. काम करतो तो दट्ट्या, तर कुंकू त्यालाच लागले पाहिजे, म्हणून त्याने कॉकचे झाकण काढून ठेवले होते. दिवसभर गल्ली लोटली होती. तेलुगू बोलणारे विणकर, दखनी बोलणारे ओतारी, रंगखान्याचे मालक. प्रसाद घ्यायला वाकलेल्या प्रत्येकाला दादा मूठ फिरवून दाखवत होता: बघा, आधी उठतो, मग फिरतो. मुंबईच्या कंपनीचा एजंट त्या दिवशी गावात होता. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता. दादाने त्याला पेढा दिला, आणि फोटो काढू का म्हणताच माळ जरा बाजूला सारून तो कॉकवर हात ठेवून उभा राहिला. प्रत पाठवतो, असे एजंट म्हणाला होता. आम्ही ते विसरून गेलो होतो.

आम्ही वकिलांकडे गेलो. मी म्हणाले, "खंडेनवमीला हत्यारं वापरतच नाहीत. लेथसुद्धा बंद असतो. मग कॉक वापरला असं कसं म्हणता येईल?"

"हे चांगलं आहे," वकील म्हणाले. "वापराचं उत्तर झालं. पण ते पुढे विचारतील, पाहिला किती जणांनी? उघडून दाखवलेली वस्तू कायद्याच्या लेखी नवी राहत नाही, ताई."

त्यांनी फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. माणूस भला होता, आमच्याकडून फी घेत नव्हता. मग हळू आवाजात म्हणाले, "दट्ट्या धूसर आलाय. वहिनींनी इतकंच सांगावं, की पूजेत होता तो जुना कॉक, हा नंतर केला. कामगारही तेच सांगतील. मग ते सिद्ध करू शकणार नाहीत."

वहिनीने फोटोसाठी हात पुढे केला. घरी येताना तिने फोटो पदराखाली धरला होता.

संध्याकाळी तिने दिवा लावला आणि फोटो उजेडात धरला. "वन्सं, हितं बगा. काळं दिसतंय न्हवं, दट्ट्याच्या टोकाला? त्ये कुंकू हाय. मी लावल्यालं. जरा पसरलंय, म्हनून ह्ये हसत्यात. मला म्हनले, अगं, यंत्राला लावतीयास का भिंतीला?"

दादा खरोखर हसत होता. मी ते आधी पाहिलेच नव्हते.

"मी ह्यो त्यो न्हवं म्हनले," वहिनी म्हणाली, "तर ह्यांनी हात कशावर ठिवलाय म्हनायचं?"

"वहिनी, पण मग नंबर मिळणार नाही. नाव राहणार नाही."

"व्हय," ती म्हणाली. मग दिव्याची वात सारून म्हणाली, "लिवा तुमी. त्येच हायत म्हनावं. आन फोटू परत मागू नका म्हनावं."

मी तसे लिहिले. फोटोतला माणूस अर्जदार आहे, आता हयात नाही. फोटोतला कॉक तोच आहे. त्याच्याभोवतीची माणसे पूजेला आली होती. ही प्रत आमच्याकडे राहू द्यावी. वकिलांनी ते वाचले, चष्मा काढून ठेवला आणि खाली सही कुठे करायची ते वहिनीला दाखवले. मी शिकवली होती तशी एकेक अक्षर सुटे काढून तिने सही केली.

पेटंट नाकारल्याचे पत्र आले. फोटोबद्दल त्यात काहीच नव्हते. आम्ही तो ठेवून घेतला.

मुंबईची कंपनी आता तसे कॉक करते. रंगखान्यांत मी ते पाहिले आहेत. त्यांवर कंपनीचे नाव असते. दादाचा लाकडी साचा आमच्याकडे आहे. त्यावरची आकड्यांची जागा मोकळी आहे. फोटो भिंतीवर आहे.