सर्व हक्क माझ्या स्वाधीन

आष्टीच्या बाजारात मेथी विकणारी ती म्हातारी मला दर आठवड्याला भेटायची. जुडी देण्याआधी ती मांडीवर दोनदा झटकायची आणि आईकडून शिकलेली जात्यावरची गाणी गुणगुणत राहायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

सीड्या नव्यानं निघाल्या तेव्हा मी हौसेनं तिची गाणी टेप केली, वर्ध्याहून त्यांच्या पन्नास सीड्या काढल्या आणि नातेवाइकांना वाटल्या. कव्हरवर माझं नाव आणि खाली 'सर्व हक्क राखीव, नक्कल केल्यास कायदेशीर कारवाई'. ते वजनदार दिसतं म्हणून मीच छापायला लावलं होतं. बायकोलाही दोनदा दाखवलं.

एक सीडी कौतुकानं म्हातारीलाही दिली. पुढच्या बाजाराला तिनं विचारलं, "भाऊ, नातीनं वाचून दाखवलं मले. रविवारी तिची हळद हाये. मी गाऊ का नाई?"

मी हसलो. "मावशी, गाणी तुमचीच आहेत."

"तसं तं लिवलं नाई त्याच्यावर. पुलगावात गाण्याच्या कॅसेटीपायी दुकानदाराले धरून नेलं म्हंतात. हळदीत पोलीस आले तं?"

ती थट्टा करत नव्हती. जुडी न झटकताच तिनं माझ्या पिशवीत टाकली. मी परोपरीनं समजावलं, पण छापलेल्यापुढे माझा तोंडी शब्द तिला पटेना.

"लिवून द्या," ती म्हणाली.

भर बाजारात गुडघ्यावर कागद ठेवून मी तिला तिच्याच आईची गाणी गायची परवानगी लिहून दिली. खाली सही केली. तिनं तो कागद कपाळाला लावला आणि मला हात जोडले.