सरकून बसायची खोड

श्रीवर्धनात भाऊ खोतांच्या वाडीत सुपारी सोलणारी आवडाबाई मुकुंदबुवांच्या गाण्याची वेडी होती, वेडी म्हणजे अगदी वेडीच. दुपारी खोतांच्या ओटीवर बुवांची तबकडी लागायची आणि खाली खळ्यात आवडाबाई आणि तिची जाऊ तुळशी ती ऐकत सुपारी सोलायच्या. तुळशी डावरी, त्यामुळे दोघींची कोपरं सारखी आपटायची. म्हणून आवडाबाई जरा सरकून बसे. तुळशी तापाने गेली त्याला वर्षं लोटली, पण आवडाबाईची सरकून बसायची खोड काही गेली नाही.

छप्पन साली देवळाच्या उत्सवाला बुवा स्वतः आले आणि खोतांकडेच उतरले. आवडाबाई भीतभीत ओटीखाली हात जोडून उभी राहिली. बुवांनी तिच्याकडे पाहिलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"तुला मी ओळखतो," ते म्हणाले. "डोळे मिटून गायला लागलो की हे खळं दिसतं. तू सुपारी सोलत बसलेली असतेस."

आवडाबाईला रडूच फुटलं. "व्हय बुवा, मीच ती."

"आणि तुझ्या शेजारची ती डावरी? काल गायलो तेव्हाही दिसली. आज कामाला आली नाही का?"

खोत चपापले.

दुसऱ्या दिवशी बुवा गेले आणि दुपारी नेहमीसारखी तबकडी लागली. त्या दिवशी मात्र आवडाबाई सरकली नाही. मान खाली घालून सुपारी सोलत राहिली. गाणं रंगात आलं आणि तिच्या कोपराला हळूच कोपर लागलं.