सुभेदारांचा निळा चेहरा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण या फजितीत मी एकटाच शहाणपण करत होतो आणि घोटाळा तिथेच झाला.

दिल्ली कँटोन्मेंटच्या गेटासमोर माझं फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशनचं दुकान आहे. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही, बटणं दाबत दाबत शिकलो. धंद्यातलं खरं गुपित एकच. पासपोर्टचा फोटो असो की लग्न जुळवायचा, न विचारता चेहरा जरा उजळ करून द्यायचा. 'मला सावळं करा' म्हणत आजवर कुणी परत आलंय? एक माणूस नाही!

तर गेल्या हिवाळ्यात समोरच्या कँटोन्मेंटातल्या आपल्या सुभेदार साहेबांची मुलगी केतकी आली. नोएडाला डिझाइन शिकते. त्याच संध्याकाळी वडिलांचा रिटायरमेंटचा समारंभ होता आणि तिला स्वतःच्या हाताने केलेला फोटो त्यांना द्यायचा होता.

"काका, पारदर्शक फिल्मवर बाबांची निगेटिव्ह छापून द्या. औषध लावलेल्या कागदावर ती ठेवायची आणि उन्हात धरायची. ऊन लागेल तिथे कागद निळा होतो. मग पाण्यात धुतला की फोटो तयार!"

"बिल्कुल! गच्ची आपली, ऊन सरकारचं."

ती काच आणि बादली घेऊन गच्चीवर गेली. मी तिची फाइल उघडली. अरे देवा! सुभेदार साहेबांचा चेहरा कोळशासारखा, मिशा पांढऱ्याफेक! आता निगेटिव्ह अशीच उलटी असते हे मला माहीत नव्हतं का? होतं हो! पण हाताला कुठे माहीत होतं? तो आपला सवयीने नेहमीच्या बटणावर गेला. चेहरा कसा छान उजळला! फिल्म छापून वर देऊन आलो.

थोड्या वेळाने वरून हाक आली. "काका, हे काय झालं?"

बादलीत सुभेदार साहेब. वर्दी झकास, आणि चेहरा दौतीत बुचकळून काढल्यासारखा निळाशार!

"ऊन जास्त झालं असणार," मी ठोकून दिलं. "दिल्लीचं ऊन, त्याचा काय भरवसा!"

बिचारीने दुसरा कागद कमी वेळ ठेवला. वर्दी फिकट झाली, पण चेहरा निळा तो निळाच.

"अच्छा, कमाल आहे," मी म्हणालो. "आणि मी तर साहेबांना चांगलं गोरं करून दिलं होतं. फ्री!"

केतकीने ओला कागद तसाच बादलीत सोडला.

"काका, तुम्ही निगेटिव्ह गोरी केलीत?"

"हो, मग?"

"निगेटिव्ह उजळली की त्यातून ऊन जास्त जातं! तिथला कागद जास्त निळा होतो!"

असं होय? डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मग सोपंच आहे की! खाली धावलो, चूक भरून काढायची म्हणून निगेटिव्हमधला चेहरा दाबून काळा केला आणि नवी फिल्म छापली. वर बादलीत काय उमटलं म्हणता? टोपी, मिशा, मेडलं. मधे सगळं कोरं.

"यार काका, बाबा कुठे गेले?" पोरीचे डोळे भरून आले. आता एकच कागद उरला होता आणि ऊन शेजारच्या टाकीमागे उतरत होतं.

ती स्वतः खाली आली. "काका, तुम्ही त्या स्टुलावर बसा. हात मांडीवर ठेवा. उचलू नका." मी बसलो. तिने मूळ फाइल होती तशी छापली आणि वर पळाली. उरल्यासुरल्या उन्हात साहेब उमटले. जरा फिकट, पण हुबेहूब!

संध्याकाळी फोटो बघून सुभेदार साहेब मिशीवरून हात फिरवत राहिले. केतकीने माइक घेतला. "दुकानवाले अंकल का खास शुक्रिया. इस फोटो में उन्होंने कुछ भी नहीं किया."

लोकांना वाटलं, पोरगी गोंधळून चुकीचं बोलली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी उभं राहून हात जोडले. खरं सांगतो, इतक्या कष्टाचं काम मी त्या दुकानात दुसरं केलेलं नाही.